घराची नंबरप्लेट हरवली आहे!

सिलिकॉन व्हॅलीत परवडणारं घर सापडलं, पसंत पडलं, लोनही जवळपास मंजूर झालं. आणि मग कुणीतरी विचारलं, ‘‘याचं लाल लेबल कुठंय?’’

एप्रिल महिना उजाडला की आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या पोटात गोळा आणणारा शब्द म्हणजे ‘अप्रेजल’. रेटिंग काय मिळणार, हाइक किती टक्के, बॉस कुठली जुनी चूक उकरून काढणार... जाम टेन्शन! माझी मावसबहीण आणि जिजू यांच्याकडे मात्र गेल्या वर्षी अख्खा उन्हाळा एकच अप्रेजल चाललं होतं, आणि ते त्यांचं नव्हतं. ते एका घराचं होतं. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या, पांढऱ्या-निळ्या रंगाच्या, दारात लिंबाचं झाड असलेल्या घराचं. आणि त्याचं रेटिंग ठरण्याआधीच गाडी अडली होती एका वेगळ्याच प्रश्नावर. हे घर नक्की कोण आहे?

हो, ‘कोण’. कारण या घराला जन्मतारीख असते, अनुक्रमांक असतो, आणि चक्क टेललाइटची बाजूही असते. थांबा, सगळं सांगते.

ताई आणि जिजू दोघंही सॉफ्टवेअरमधले. नऊ वर्षं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढलेली. तिथं साधं बैठं घर घ्यायचं म्हटलं तरी आकडा वीस लाख डॉलरच्या आसपास घुटमळतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सवयीनं रुपयांत गुणायला गेले आणि मध्येच सोडून दिलं. दोन चांगली पॅकेजेस असूनही तिथं ‘आपलं घर’ हे प्रकरण आपल्या कोथरूड-बाणेरच्या स्वप्नापेक्षाही लांबचं आहे.

मग ऑफिसमधल्या कुणीतरी ताईला मोबाइल होम पार्क दाखवला. नावावरून मला वाटलं होतं, चाकांवरच्या डब्यांची वसाहत असेल. प्रत्यक्षात छान आखलेल्या गल्ल्या, प्रत्येक घराशेजारी कारपोर्ट, गुलाबाची रोपं, संध्याकाळी काठी टेकत फिरणारे आजी-आजोबा आणि त्यांच्या मधूनमधून स्ट्रोलर ढकलणारे देसी आई-बाबा. ताईच्या ओळखीतली दोन मराठी कुटुंबं अशाच घरांत राहतात. तीन बेडरूमचं जुनं घर तिथं दोन ते चार लाख डॉलरमध्ये मिळू शकतं. मेख एकच. घर तुमचं, जमीन पार्कमालकाची. तिचं भाडं दर महिन्याला वेगळं भरायचं, आणि ते चांगलं घसघशीत असतं.

ताईंनी ज्या घरावर बोट ठेवलं त्याचा सौदा ठरला सव्वातीन लाख डॉलरला. विकणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या. नवरा गेलेला, मुलगी दुसऱ्या राज्यात. मुलीच्या घराजवळच्या वृद्धांसाठीच्या निवासात त्यांनी जागा धरली होती, डिपॉझिट भरलं होतं, आणि बाकीचे पैसे या घरातूनच यायचे होते. त्यांच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कारखान्यात जन्मलेलं घर

अमेरिकेत ज्याला ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात ते घर साइटवर बांधतच नाहीत. ते कारखान्यात तयार होतं, पोलादी चॅसीवर. मग ट्रकला जोडून रस्त्यानं येतं आणि जागेवर बसतं. मोठं घर असेल तर दोन अर्ध्या भागांत येतं, म्हणजे ‘डबलवाइड’, आणि मधोमध जोडलं जातं. आज अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात. त्यातले फार थोडे सॉफ्टवेअरवाले आहेत. बहुतेक जण निवृत्त, कष्टकरी, कमी पगारावर निभावणारे.

पूर्वी या घरांना ‘मोबाइल होम’ म्हणायचे आणि ती बांधायची कशी याला देशभर एकच नियम नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे ‘हड’चा, कोड लागू झाला. वायरिंग, प्लंबिंग, आगीपासून सुरक्षा, बेडरूममधून बाहेर पडता येईल अशी खिडकी, सगळ्याचे नियम आले. ही तारीख नीट लक्षात ठेवा. या धंद्यात इसवी सन पूर्व आणि इसवी सन असा जो काही भेद आहे तो त्या दिवसापासून सुरू होतो. १४ जून १९७६ ला कारखान्यातून निघालेलं घर आणि आठवड्याभरानं निघालेलं घर दिसायला जुळी भावंडं असतील, पण आज बहुतेक कर्ज देणाऱ्या कंपन्या पहिल्याच्या फाइलला हातही लावत नाहीत.

आता हे घर कोडनंतरचं आहे हे कळणार कसं? त्यासाठी घराच्या अंगावरच तीन खुणा असतात.

पहिली म्हणजे ते लाल लेबल. साधारण दोन इंच बाय चार इंचांची धातूची पट्टी, त्यावर तीन अक्षरं आणि एक क्रमांक. ती बाहेरच्या भिंतीवर चार रिव्हेटनी ठोकलेली असते. कुठं, तर घराच्या टेललाइटच्या बाजूला, घराच्या फ्लोअरच्या पातळीपासून फूटभर वर आणि कडेपासून फूटभर आत. (घर रस्त्यानं येताना जी बाजू मागे असते तिला आजही नियमांत टेललाइट एंड म्हणतात. मला हे इतकं आवडलं की मी पार्कमधल्या प्रत्येक घराची टेललाइट ओळखत फिरत होते.) डबलवाइड असेल तर दोन भागांची दोन लेबलं.

दुसरी खूण घराच्या आत. तिला डेटा प्लेट म्हणतात, पण प्रत्यक्षात असतो तो कागद. किचनच्या कपाटात, बेडरूमच्या क्लॉजेटमध्ये किंवा विजेच्या पॅनलजवळ चिकटवलेला. त्यावर कारखान्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, मॉडेल, बनवल्याची तारीख, सोबत दिलेली उपकरणं आणि नकाशे. घर किती वाऱ्याला टिकेल, छतावर किती बर्फ पेलेल, हे त्या नकाशांवर असतं. कॅलिफोर्नियात वाऱ्याच्या नकाशाचं कुणाला फारसं पडलेलं नसतं. फ्लोरिडात मात्र तो कागद नसेल तर झोप उडते. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात तिथली अशी घरं पत्त्यांसारखी उडाली, आणि त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले. कमी वाऱ्याच्या भागासाठी बनवलेलं घर किनाऱ्यावर नेऊन बसवता येत नाही, आणि ते कुठल्या भागासाठी बनलं हे त्या एका कागदावर लिहिलेलं असतं.

तिसरी खूण चॅसीवर. सर्वांत पुढच्या आडव्या पोलादी तुळईवर अनुक्रमांक ठोकलेला असतो, अक्षरं निदान तीन अष्टमांश इंच उंच. ही खूण कुणी पुसू शकत नाही, आणि ती बघायला सहसा कुणी जातही नाही, कारण त्यासाठी घराखाली शिरावं लागतं.

आता ताईच्या घराची अवस्था ऐका. लाल लेबलं दोन्ही गायब. डेटा प्लेट गायब. तिसऱ्या खुणेचा तोवर कुणी विचारच केला नव्हता.

नव्या कपड्यात हरवलेली ओळख

हे काही फार विचित्र प्रकरण नाही, असं अप्रेजर म्हणाले. हे गृहस्थ साठीचे, कमी बोलणारे, गळ्यात चष्मा आणि हातात लेझरचं मोजमाप यंत्र. त्यांच्या अनुभवात जुन्या घरांमध्ये लेबल नसणं ही रोजची गोष्ट. घरावर व्हिनाइलचं नवं सायडिंग चढवलं की लेबल खाली गाडलं जातं किंवा काम करणारा ते उचकटून फेकून देतो. रंगारी त्यावर ब्रश फिरवतो. किचन नवं केलं की जुन्या कपाटाबरोबर तो कागदही कचऱ्याच्या डब्यात जातो. मजा बघा, ज्यांनी घर टापटीप ठेवलं, वेळच्या वेळी दुरुस्त केलं, त्यांचीच ओळख हरवते. ज्यानं वीस वर्षं ढुंकून पाहिलं नाही त्याचं लेबल जागच्या जागी गंजत असतं.

इथल्या आजींच्या नवऱ्यानं नव्वदच्या दशकात स्वतःच्या हातानं सायडिंग बदललं होतं. किचन त्यानंतर. ‘‘त्याला कशालाही दुसऱ्याचा हात लागलेला चालायचा नाही,’’ आजी हसून म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण जे कौतुकानं सांगतोय तेच आता नडतंय, आणि त्या गप्प झाल्या.

मी अप्रेजरच्या मागेमागे फिरत होते. (त्यांनी हरकत घेतली नाही, बहुधा माझ्या हातातल्या वहीमुळे त्यांना मी ऑफिसची ट्रेनी वाटले असेन.) कागद नसताना ते घराचं वय कसं वाचतात हे बघणं म्हणजे डिटेक्टिव्ह कथेपेक्षा भारी. सिंकखालचे राखाडी प्लॅस्टिकचे पाइप बघितले. ते पॉलिब्युटिलिनचे, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या मध्यापर्यंत वापरात असलेले. विजेच्या पॅनलच्या दारावरचं स्टिकर वाचलं. बेडरूमच्या खिडक्यांची मापं घेतली. मग बाथरूममध्ये जाऊन फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं आणि आत टॉर्च मारला. टाकीच्या आतल्या बाजूला ती कधी बनली त्याची तारीख साच्यातूनच उमटलेली असते! आमच्या टाकीत निघालं १९९६. म्हणजे आजोबांनी टॉयलेटही बदललं होतं. दुसऱ्या बाथरूममधली टाकी जुनी निघाली, १९७८ ची.

जिजू खूश. ‘‘म्हणजे सिद्धच झालं की, ७६ नंतरचं आहे!’’

अप्रेजरनी मान हलवली. यानं माझं मत तयार होतं, पुरावा तयार होत नाही, असा त्यांचा सूर होता. टाकी नंतर बसवलेली असू शकते, पाइपही. अहवालात ते ‘निरीक्षणावरून घर १९७८ च्या सुमाराचं दिसतं’ एवढंच लिहू शकत होते. कर्ज देणारी कंपनी ‘दिसतं’ या शब्दावर पैसे देत नाही.

किंमत कुणामुळे ठरते?

इथं मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. घर तेच, भिंती त्याच, लिंबाचं झाडही तेच. मग दोन इंची पट्टीनं किंमत का बदलावी?

कारण पट्टी नसेल तर कर्ज नाही. कर्ज नसेल तर रोख पैसे मोजणारेच गिऱ्हाईक उरतात. आणि तीन लाख डॉलर खिशात घेऊन फिरणारा माणूस जुन्या मोबाइल होममध्ये कशाला राहायला येईल? येतात ते गुंतवणूकवाले. स्वस्तात उचलायचं, जुनं घर मोडीत काढायचं, त्या जागेवर नवं आणून बसवायचं आणि विकायचं. आजींकडे असा एक जण आधीच येऊन गेला होता. त्यानं सांगितलेला भाव आमच्या सौद्याच्या निम्म्याहून कमी होता. त्याच्या हिशेबात घराला किंमतच नव्हती, किंमत होती ती त्या पार्कमधल्या जागेला.

अप्रेजरचं गणित एरवी सरळ असतं. त्याच पार्कात किंवा शेजारच्या पार्कांत अलीकडे विकलेली तशीच तीन-चार घरं घ्यायची. आकार, वय, दुरुस्त्या, जमिनीचं भाडं यातला फरक अधिक-उणे करायचा. जमिनीचं भाडं जितकं जास्त तितकी घराची किंमत कमी, कारण शेवटी खिसा एकच. पण तुलनेसाठी घर निवडतानाच विचारावं लागतं, की मी या घराची तुलना लेबल असलेल्यांशी करू की नसलेल्यांशी?

त्यांच्या व्यवसायाची आचारसंहिता आहे, युस्पॅप म्हणतात तिला. तिच्यात यावर मार्ग आहे. अप्रेजर असं लिहू शकतो, की अमुक गोष्ट खरी आहे असं धरून मी ही किंमत काढली आहे, आणि ती खोटी निघाली तर माझा आकडा बदलेल. मात्र हे ठळकपणे, वाचणाऱ्याला चुकणार नाही असं लिहायचं. आमच्या अप्रेजरनी तेच केलं. ‘घर हडच्या कोडनुसार बांधलेलं आहे असं गृहीत धरून’ किंमत तीन लाख आठ हजार. गृहीत सिद्ध करा, मग बोलू, असं कंपनीनं कळवलं. व्याजदर धरून ठेवायची मुदत होती पंचेचाळीस दिवस. त्यातले बारा संपले होते.

थोडं विषयांतर करते. हे लोन आपल्या ओळखीच्या होम लोनसारखं नसतं. जमीन आपली नसल्यामुळे कागदोपत्री हे घर ‘स्थावर’ धरत नाहीत, कर्ज वाहनाच्या कर्जाच्या जवळचं असतं. व्याज जास्त, मुदत कमी. घराखालची जमीन स्वतःची असेल, पक्का पाया घातला असेल आणि तशी नोंद झाली असेल तर गोष्ट वेगळी. पण सनीव्हेलमध्ये ज्याला जमीन परवडते तो मोबाइल होम बघायला येतच नाही!

थेट आरटीओ

लेबल हरवलं तर हड ते पुन्हा छापून देत नाही. ‘डुप्लिकेट आरसी बुक’सारखी सोय नाही. पण नोंदी जपलेल्या असतात. इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी नावाची संस्था हडच्या वतीनं हे काम बघते. तिला लेबलचा क्रमांक किंवा घराचा अनुक्रमांक, बनवणाऱ्याचं नाव वगैरे कळवलं की ती जुन्या नोंदींत शोधते आणि सापडलं तर तसं पत्र देते. या पत्राला बहुतेक कर्जदाते मान देतात.

अनुक्रमांक कुठून आणायचा? कॅलिफोर्नियात या घरांची मालकीची नोंद राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, सॅक्रामेंटोला असते. आणि १९८१ पर्यंत ती चक्क तिथल्या आरटीओकडे होती! घर आणि मोटार एकाच खिडकीवर. अजूनही १ जुलै १९८० पूर्वी नवीन विकल्या गेलेल्या घरांना सहसा मालमत्ता कर नसतो, गाडीसारखी दरवर्षी फी भरून नोंदणी चालू ठेवायची असते. खूप लोकांनी ती भरलीच नाही, घर आजीकडून नातवाकडे आलं तरी नाव बदललं नाही. थकबाकी इतकी साचली की २०१७ पासून राज्याला जुनी देणी माफ करण्याची योजना काढावी लागली. कागदांचा आळस काय फक्त आपल्याकडेच असतो?

आमच्या आजींची फी वेळेवर भरलेली होती. नोंदीचा उतारा आला. बनवणाऱ्याचं नाव होतं, वर्ष १९७८ होतं, दोन्ही भागांचे अनुक्रमांक होते. लेबलचा रकाना कोरा. ताईनं अनुक्रमांक कळवले आणि आम्ही पार्टी केली. चार दिवसांनी उत्तर आलं, या क्रमांकाचं घर नोंदीत सापडत नाही.

त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. ताईनं हळूच अपार्टमेंटच्या भाड्याचं रिन्यूअल उघडून बघितलं. मला खरं तर आजींचाच विचार येत होता. यांचं काय, यांना दुसरं घर बघता येईल. तिचं हे एकच आहे.

आणि मग जिजूंनी ताटावरून उठता उठता विचारलं, ‘‘चॅसी नंबर बघितलाय का कुणी?’’

जिजू मूळचे साताऱ्याचे. कॉलेजात असताना वडिलांची स्कूटर स्वतःच्या नावावर करायला आरटीओत खेटे घातलेले. ज्यांनी घातलेत त्यांना आठवेल, एजंट सांगायचा की चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट आणा. नंबरवर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. क्लार्कनं उतरवून घेताना चूक केली तरी छाप खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. घराच्या ज्या टोकाला कधीकाळी ट्रक जोडला असेल त्या टोकाचं खालचं स्कर्टिंग काढलं. जिजू जुनी ट्रॅकपँट घालून, डोक्याला टॉर्च बांधून आत सरकले. बाहेर आम्ही दोघी आणि आजी, खुर्ची टाकून. आतून तारेच्या ब्रशचा खरखर आवाज, मग शिंक, मग एक अस्सल सातारी शिवी. ‘‘ही शिवी आहे का?’’ आजींनी विचारलं. ताई म्हणाली, प्रार्थना आहे.

अर्ध्या तासानं कागद बाहेर आला. पहिल्या भागाचा क्रमांक उताऱ्याशी जुळला, फक्त एक आकडा सोडून. सॅक्रामेंटोच्या उताऱ्यात होता ८. पेन्सिलीच्या छापात होता ३. दुसऱ्या भागातही तेच. कधीतरी, बहुधा नोंदी एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाताना, कुणाच्या तरी डोळ्याला तीनची पोटं बंद दिसली होती.

आजी आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात बटणांचा डबा होता. आपल्याकडे असतो तसाच, बिस्किटांचा गोल पत्र्याचा. त्यांना आठवलं होतं की सायडिंग काढताना निघालेल्या सटरफटर वस्तू नवरा या डब्यात टाकायचा. बटणं, कुलपांच्या किल्ल्या, एक घड्याळाचा पट्टा आणि तळाशी एक वाकलेली लाल पट्टी. अक्षरं अजून वाचता येत होती. दुसरी पट्टी मात्र नव्हती.

मी तर उड्याच मारल्या. पण अप्रेजरना फोन केल्यावर कळलं, भिंतीवरून निघालेली पट्टी पुरावा म्हणून चालत नाही. ती कुठल्याही घराची असू शकते, परत ठोकूनही उपयोग नाही. उपयोग आहे तिच्यावरच्या क्रमांकाचा. आता आपल्याकडे छापातले अनुक्रमांक आहेत आणि एक लेबल क्रमांक आहे. हे एकमेकांशी जुळले तर शंकेला जागा राहणार नाही.

जुळले. आठवड्याभरात पत्र आलं. त्यात दोन्ही भागांचे लेबल क्रमांक होते, डब्यातला आणि कायमचा हरवलेला. घर १९७८ मध्येच कारखान्यातून निघालं होतं. डेटा प्लेटची प्रत मात्र मिळाली नाही, कारण घर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. कंपनीनं पत्रावर भागवून घेतलं. सॅक्रामेंटोच्या नोंदीतल्या आठचा तीन करायला वेगळे फॉर्म भरावे लागले, ते ताईनं भरले. जिजू म्हणाले, मी घराखाली गेलो, तू फॉर्मखाली जा.

आणि हाइक किती मिळाली?

आकडा तोच राहिला, तीन लाख आठ हजार. फक्त ‘गृहीत धरून’ हे शब्द गेले. सौदा होता सव्वातीन लाखांचा, म्हणजे सतरा हजारांची तफावत. कंपनी वरचे पैसे देणार नव्हती. ताईचा एजंट म्हणाला, अप्रेजलचा आकडा दाखवा, आजी खाली येतील, त्यांना दुसरा पर्याय नाही. धंद्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं. ताईला ते करवेना. दोन दिवस दोघांची कुजबुज चालली. शेवटी आजी दहा हजार खाली आल्या, यांनी सात हजार खिशातून घातले. मी ताईला म्हटलं, अजून ताणलं असतंस तर सातही वाचले असते. ती म्हणाली, ‘‘डबा तिनं आणून दिला ना?’’

व्याजदराची मुदत संपायला तीन दिवस असताना सह्या झाल्या.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असं घर बघत असेल तर एवढंच सांगेन, टोकन देण्याआधी टेललाइटच्या बाजूला जाऊन या आणि किचनची सगळी कपाटं उघडा. लेबल दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दिसलं नाही तर राज्याच्या नोंदीचा उतारा पहिल्याच दिवशी मागवा आणि तो चॅसीशी ताडून बघा, पंचेचाळीस दिवसांचं घड्याळ सुरू होण्याआधी. आणि स्वतःच्या घराचं सायडिंग बदलणार असाल तर कारागिराला आधीच सांगा, की पट्टीभोवती कापून घे, बाबा.

मी निघायच्या आदल्या दिवशी नव्या घरात चहा प्यायले. आजी जाताना पडदे ठेवून गेल्या होत्या, आणि बटणांचा डबासुद्धा. पत्राची मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये गेली. दुसरी प्रत जिजूंनी लॅमिनेट करून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, शेजारी पेन्सिलीचा छाप. त्याच्याखाली मार्करनं मराठीत लिहिलंय, ‘रंग देऊ नये.’